विसावं प्रकरण

मोहम्मद बिन झायेद सिटी, अबू धाबी
गुरुवार, ९ जानेवारी २०२५

प्रिय सुरैय्या,

तुला सलाम, घरच्यांना नमस्कार. आता कामाचं.

तुझी पाळी आहे. चव्वेचाळीस वर्षं तुझीच पाळी आहे. फिरत्या वहीचा पहिला नियम आठव. तो तूच केला होतास: वही हातात आली की पंधरा दिवसांत आपलं प्रकरण लिहायचं आणि वही पुढे पाठवायची. एकोणिसावं प्रकरण लिहून मी वही तुला फेब्रुवारी १९८१ मध्ये रजिस्टर पोस्टानं पाठवली. पोचपावती माझ्याकडे आहे. त्यानंतर तुझं लग्न झालं, तू शारजाला गेलीस, मुलं झाली, दुकान झालं, नातवंडं झाली. विसावं प्रकरण झालं नाही.

मी डिसेंबरात अंकुरकडे आले आहे. १५ फेब्रुवारीला पुण्याला परत जाणार. त्याआधी मला ते प्रकरण हवं आहे.

फोन करू नकोस. तुझं कानातलं यंत्र फोनवर शिट्टी मारतं, आणि मी मुद्द्यावर आले की नेमकं तेव्हाच तुला ऐकू येईनासं होतं. ईदला दोनदा झालं. हे पत्र अंकुरच्या मुसफ्फातल्या ऑफिसातले विजयकुमार आणतील. त्यांचं कुटुंब शारजात असतं. शुक्रवारी संध्याकाळी घरी जातात, सोमवारी पहाटे कामावर परत. रोल्लाला शाहबाजच्या बॅगांच्या दुकानात ते पत्र देतील आणि रविवारी तुझं उत्तर घेतील. सभ्य गृहस्थ आहेत, त्यांना ताटकळत ठेवू नकोस.

भेटायला येईन. अंकुर गाडीनं आणतो म्हणाला आहे. पण आधी प्रकरण.

तुझी
सुनेत्रा

*

रोल्ला, शारजा
रविवार, १२ जानेवारी

मास्तरीणबाई,

शाहबाजनं तुझं पत्र आणून दिलं तेव्हा मी सुरमई साफ करत होते. लिफाफा उघडून त्यानं पहिल्या चार ओळी वाचल्या आणि घाबरून म्हणाला, "अम्मी, कोर्टाचं काही आहे का?" मी म्हटलं, नाही रे बाबा, कोर्टात निदान तारीख वाढवून मिळते.

महिनाभर इथं येऊन बसलीस आणि पहिलं पत्र म्हणजे नोटीस! मुख्याध्यापिका रिटायर होतात की नाही?

पण तुझं पत्र वेळेवर आलं. माझी नात अफशा, शाहबाजची मोठी, इथं युनिव्हर्सिटीत मीडिया शिकते. तिचा प्रोजेक्ट आहे फॅन फिक्शनच्या सुरुवातीच्या काळावर. म्हणजे काय, तर दुसऱ्या कुणीतरी लिहिलेल्या गोष्टीतली माणसं घ्यायची आणि वाचकांनीच त्यांच्या पुढच्या गोष्टी लिहायच्या. अमेरिकेत साठ-सत्तरच्या दशकात बायका टीव्हीवरच्या अंतराळातल्या मालिकेवर अशा गोष्टी लिहायच्या, टाइप करून मशीनवर प्रती काढायच्या, पोस्टानं एकमेकींना पाठवायच्या. लोक हसायचे त्यांना. अफशा म्हणाली, "दे वर पायोनियर्स, दादी. नोबडी टुक देम सीरियसली." मी सुरी खाली ठेवली आणि म्हटलं, पोरी, तसली एक वही आमचीही होती. ती म्हणाली, "वेट. व्हॉट?"

तेव्हापासून माझ्यामागे लागली आहे. मला अर्धं आठवतं, तुला सगळंच आठवतं. तेव्हा तिच्यासाठी नीट लिही. मराठी तिला समजते, वाचता येत नाही. मी वाचून दाखवीन. १३ फेब्रुवारीला तिला प्रोजेक्ट द्यायचा आहे.

वहीचं म्हणशील तर, घर दोनदा बदललं. बघते. इन्शाल्ला.

येत्या रविवारी सगळे जेवायला या. प्रकरण-बिकरण नंतर.

सुरैय्या

ता. क. पोचपावती अजून ठेवली आहेस? पुण्याच्या घरात माणसांना राहायला जागा उरली आहे का?

*

अबू धाबी
गुरुवार, १६ जानेवारी

प्रिय सुरैय्या,

तुझ्या तोंडचं इन्शाल्ला म्हणजे "नाही", हे मला कॉलेजपासून माहीत आहे.

जेवायला येणार नाही. कारण मागच्या पत्रात दिलं आहे.

आता अफशासाठी. तिला मुद्दे लिहून घ्यायला सांग.

१९७६ साल, रत्नागिरी. तिघीजणी: तुझी दादी, मी आणि शोभना. एस. टी. स्टँडाजवळच्या भाड्याच्या लायब्ररीत दर महिन्याला गुप्तहेर धुरूंचं नवं पुस्तक येई. एकशे बारा पानं, मुखपृष्ठावर पिस्तूल. धुरूंची मदतनीस होती मिस कुमुद. कुमुद बी. ए. होती, तिला तीन भाषा येत, मोटार चालवता येई. आणि लेखकमहाशय तिला दर महिन्याला त्या मोटारीतच बसवून ठेवत. "कुमुद, तू इथेच थांब," असं म्हणून धुरू आत जात आणि मारामारी करत. तोपर्यंत कुमुदनं मोटारीत बसून काय केलं, हे कुणी सांगत नसे. ते आम्ही लिहायला घेतलं.

दोनशे पानी वही. एकीनं एक प्रकरण लिहायचं आणि वही दुसरीकडे द्यायची. सुट्टीत तिघी तीन गावांना, तेव्हा पोस्टानं. सगळ्यांत कडक नियम असा की दुसरीनं लिहिलेलं खोडायचं नाही. पटलं नाही तर आपल्या प्रकरणात गोष्ट वळवायची. शोभना भावना लिहायची, तुझी दादी मारामारी लिहायची आणि मी चुका काढायची. वहीच्या शेवटच्या पानांवर मी एक यादी ठेवली होती: कुणाचे डोळे कसले, कोण डावखुरं, कुठली वस्तू कुणी कुणाला दिली. मागच्या प्रकरणात मेलेला कुत्रा पुढच्या प्रकरणात भुंकू नये म्हणून. शोभनाचा कुत्रा तरीही दोनदा भुंकला.

तिसऱ्या प्रकरणाची नक्कल आम्ही मुंबईला लेखकमहाशयांना पाठवली. पोस्टकार्ड आलं: "मुलींनो, कुमुद माझ्या घरची आहे. तिला माझ्याकडेच राहू द्या." शोभना रडली. तुझी दादी म्हणाली, "घरची आहे तर घरात घ्या ना, मोटारीत का ठेवता?" पुढच्या महिन्याच्या पुस्तकात कुमुद पहिल्यांदा मोटारीतून खाली उतरली. पान सत्त्याऐंशी. आमच्यामुळे उतरली की नाही, याचा पुरावा नाही. अफशानं प्रोजेक्टमध्ये तसंच लिहावं, उगाच फुगवू नये.

१९७८ मध्ये ती पुस्तकं बंद पडली. आमची वही चालू राहिली. एकोणिसाव्या प्रकरणात मी कुमुदला बुडवलं. पुढचं प्रकरण तुझ्या दादीचं होतं.

इतिहास संपला. वही शोध.

सुनेत्रा

*

रोल्ला
रविवार, १९ जानेवारी

सुनेत्राबाई,

"कुमुदला बुडवलं" आणि पुढच्या ओळीत "इतिहास संपला"? अफशा खुर्चीतून उठलीच. "शी किल्ड हर? व्हाय?"

मग जे तू गाळलंस ते मी सांगितलं. आपण दोघी पुण्याला एम. ए. करणार होतो. नव्या पेठेत खोली बघून झाली होती, तू स्टोव्हसुद्धा घेतला होतास. जानेवारीत माझं लग्न ठरलं, शारजाला जायचं ठरलं, मी तुला तसं पत्र लिहिलं. तुझं उत्तर आलं नाही, वही आली. त्यात कुमुद धुरूंना न सांगता परदेशी जाणाऱ्या लाँचमध्ये चढते आणि वादळात बुडून मरते. जानेवारीत माझं लग्न ठरलं, फेब्रुवारीत कुमुद बुडाली. इतकं सरळसोट तर लेखकमहाशयही लिहीत नव्हते!

हळदीच्या दिवशी वाचलं मी ते. विमानात माझे डोळे सुजलेले बघून खैरुद्दीननी विचारलं, "कोण गेलं? माहेरचं कुणी?" मी म्हटलं, कुमुद. अल्ला त्यांना जन्नत देवो, महिनाभर माझ्याशी हळू आवाजात बोलत होते. पुढे मी खरं सांगितलं तर म्हणाले, तुमच्या मैत्रिणीला इथं बोलवू नका, समुद्र जवळ आहे.

वही सापडली. खरं सांगायचं तर हरवलीच नव्हती. माझ्या कपाटात साड्यांखाली आहे.

पण देणार नाही. मला कळतं, तुला काय पाहिजे ते. आता अफशा वाचणार, तिचे प्रोफेसर बघणार, म्हणून तुला ते प्रकरण फाडून टाकायचं आहे. नियम म्हणजे नियम, मास्तरीणबाई. लिहिलेलं राहतं.

सुरैय्या

*

अबू धाबी
गुरुवार, २३ जानेवारी

सुरैय्या,

मी लिहिलेलं फाडत नाही. शाळेत एकतीस वर्षं मुलांच्या चुकांवर तांबडी शाई वापरली, एकही पान फाडलं नाही. तू मला ओळखत नाहीस असं आता म्हणावं लागेल.

सरळ विचारते. एकोणिसाव्या प्रकरणानंतर त्या वहीत तू काही लिहिलंस का? हो किंवा नाही. एका शब्दात. पाल्हाळ नको.

हे मी एकटीसाठी विचारत नाही. शोभना गेली त्याला सहा वर्षं झाली. जायच्या आधी मी तिला हॉस्पिटलात भेटायला गेले होते. तिला माणसं नीट ओळखू येत नव्हती. मला म्हणाली, "सुरैय्यानं लिहिलं का गं पुढचं?" मी म्हटलं, लिहील. मी खोटं बोलत नाही, तुला माहीत आहे. तेव्हा ते खरं करायची जबाबदारी तुझ्यावर आहे.

सुनेत्रा

*

अबू धाबी
गुरुवार, ३० जानेवारी

सुरैय्या,

सोमवारी विजयकुमार आले. डबा आला, पत्र नाही. मी डब्याच्या तळाशी आणि झाकणाच्या आतसुद्धा पाहिलं. अस्मिता, माझी सून, म्हणाली, "आई, काही पडलंय का?" मी म्हटलं, काही नाही.

सांदणं उत्तम झाली होती. अंकुरनं पाच खाल्ली, विजयकुमारांनी दोन नेली. नारळाचं दूध किंचित कमी पडलं आहे.

पण सांदणं हे "हो" आहे की "नाही"?

सोळा दिवस राहिले.

सुनेत्रा

*

रोल्ला
रविवार, २ फेब्रुवारी

सुनेत्रा,

नाही.

एका शब्दात मागितलंस, दिलं. आता पाल्हाळ ऐक.

शोभनाचं वाचलं आणि मला आठवडाभर लिहायला सुचलं नाही. हात कशात तरी गुंतलेले हवेत म्हणून सांदणं केली. नारळाचं दूध बरोबर होतं. तुझ्या जिभेचं वय झालं.

मी वीस वेळा लिहायला बसले असेन. रागानं थांबले नाही. राग तर विमान उतरायच्या आत गेला होता. मी का लिहिलं नाही ते आता सांगते. आधी पाणी पी, बस.

अकरावं प्रकरण आठवतं? माझं होतं. ती रोझी, तस्करांच्या टोळीतली, कुमुदला गोदामात कोंडून ठेवते. कुमुद हातातलं घड्याळ काढून रोझीला लाच देते आणि सुटते. ते घड्याळ पुढं कुणीही परत आणलं नाही. आता तुझं एकोणिसावं आठव. किनाऱ्यावर प्रेत लागतं, चेहरा ओळखू येत नाही, आणि धुरू कशावरून ओळखतात? "डाव्या मनगटावर तेच चौकोनी घड्याळ, सव्वाचारला थांबलेलं."

अगं, घड्याळ रोझीकडे होतं! मेली ती रोझी. कुमुद मेलेलीच नाही.

हळदीच्या दिवशी पहिल्याच वाचनात मला हे दिसलं. रडता रडता हसले मी, सगळ्यांना वाटलं पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला. पण लिहू कसं? विसाव्या प्रकरणाची पहिलीच ओळ म्हणजे सुनेत्राची चूक! जिनं जन्मभर आमच्या चुका काढल्या, शोभनाच्या कुत्र्यावरून तिला रडवलं, तिची एवढी मोठी चूक मी सगळ्यांसमोर मांडायची? तीही, तू माझ्यावर आधीच रागावलेली असताना? म्हटलं, जरा राग निवू दे. मग शाहबाज झाला. मग दुकान. मग वाटलं, आता इतक्या वर्षांनी कशाला बिचारीला खजील करायचं. कुणालाही सांगितलं नाही. शोभनालासुद्धा नाही, आणि आता त्याचंच वाईट वाटतं.

अफशाला परवा सांगितलं. ती म्हणाली, "दादी, यू प्रोटेक्टेड हर फॉर फॉर्टी-फोर इयर्स? ओव्हर अ वॉच?"

तर खलास, सांगून टाकलं. रागावू नकोस. एक चूक सगळ्यांची होते. तुझीही.

तुझी
सुरैय्या

*

अबू धाबी
गुरुवार, ६ फेब्रुवारी

सुरैय्या,

तुझं पत्र तीनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना अस्मितानं चहा आणून ठेवला, तो गार झाला.

पहिला मुद्दा. माझी चूक झालेली नाही.

ते घड्याळ मी मुद्दाम घातलं. मला राग आला होता, हे खरं. कुमुदला बुडवायचंच होतं, तेही खरं. लाँच बुडाली, प्रेत लागलं, तीन पानं एका बैठकीत झाली. मग पेन खाली ठेवलं आणि वाटलं, ही खरंच मेली तर सुरैय्या पुढं लिहिणार काय? गोष्ट संपली की वही फिरायची थांबणार. पण लिहिलेलं खोडायचं नाही हा नियम, आणि तो मी मोडणार नव्हते. म्हणून प्रेताच्या मनगटावर घड्याळ बांधलं. दुसऱ्या कुणाच्या लक्षात आलं नसतं. पण रोझी तुझी, ते घड्याळ तू दिलेलं. तुला पहिल्या वाचनात दिसेल, अशी माझी खात्री होती.

ते "परत ये" असं लिहिलेलं होतं. शारजाहून नव्हे. वहीत. सरळ लिहायला मला जमलं नाही. मला ते आजही जमत नाही, हे तुला या पत्रांवरून कळलंच असेल.

तुझं प्रकरण आलं नाही तेव्हा मी समजले की तू नीट वाचलंच नाहीस. किंवा वाचलंस, घड्याळ पाहिलंस आणि तुला यायचं नाही. दुसरं जास्त खरं वाटे. चव्वेचाळीस वर्षं ईदला फोन करताना मी दरवेळी ठरवत असे की आज विचारायचं, आणि दरवेळी हवापाणी विचारून ठेवत असे.

म्हणजे मी तुझ्या दुर्लक्षावर रागावून बसले आणि तू माझी नसलेली चूक साड्यांखाली झाकून बसलीस. दोघींत जास्त मूर्ख कोण, हे अफशानं ठरवावं. तिच्या प्रोजेक्टमध्ये एक प्रकरण होईल.

मी सारवासारव करते आहे असं तुला वाटेल. पुरावा तुझ्याच घरात आहे. वहीच्या शेवटी माझी यादी आहे, तिसरं पान, "क" खाली बघ.

रविवारी पत्र दे. सांदणं नको. म्हणजे सांदणंही चालतील, पण पत्र दे.

सुनेत्रा

*

रोल्ला
रविवार, ९ फेब्रुवारी

सुनेत्रा,

बघितलं.

"कुमुद. घड्याळ: रोझीकडे (प्रकरण ११). परत आलेलं नाही. लक्षात ठेवणे." तांबडी शाई, खाली दोन रेघा, तारीख ८ फेब्रुवारी १९८१. वही रजिस्टर करायच्या आदल्या दिवसाची. वही ज्यात गुंडाळून आली त्या कागदावर पोस्टाचा शिक्का अजून आहे, मीही काही कमी कागद ठेवत नाही.

चव्वेचाळीस वर्षं ही यादी माझ्या साड्यांखाली होती आणि मी ती एकदाही उघडली नाही. तुझी यादी कोण वाचतं गं! आम्ही दोघी तेव्हाही वाचत नव्हतो. म्हणून तर कुत्रा भुंकला.

अफशा जमिनीवर बसून हसत होती. मग हसायची थांबली आणि मला मिठी मारली. म्हणाली, "दादी, शी वॉज वेटिंग फॉर यू." मी म्हटलं, हो, आणि आत्ता कळलं तर म्हणणार पंधरा दिवसांची मुदत उलटली.

काल दुपारी दार लावून लिहायला बसले. शाहबाज दोनदा जेवायला हाक मारून गेला. नऊ पानं झाली. अक्षर वाकडं आलं आहे. शुद्धलेखन तपासलंस तर बघ. वर शोभनाचं नाव घातलं आहे, आणि तिचा कुत्राही घेतला आहे. तो तिसऱ्यांदा भुंकतो. यादीत लिहून ठेव.

अफशानं सगळ्या पानांचे फोटो काढून घेतले. वही दोन पिशव्यांत गुंडाळून विजयकुमारांकडे देते आहे. त्यांना सांगितलं, हातातून सोडू नका, यात एक बाई आहे, तिला पाण्याची भीती आहे. ते खूप सभ्यपणे "बरं" म्हणाले.

प्रकरण दिलं. आता तुझी अट संपली. शुक्रवारी दुपारी यायचं, अंकुर, अस्मिता, सगळे. यल्ला, उशीर करू नका. मासे गार होतात.

आणि एकविसाव्याची पाळी तुझी. पंधरा दिवस. आजपासून मोजते आहे. पोचपावती मला पण पाहिजे.

पत्र वहीबरोबरच येणार, त्यामुळे आधी हे वाचशील आणि मग पिशव्यांच्या गाठी सोडशील. तोवर एवढं वाच. सुरुवात अशी केली आहे:

"मोटारीच्या काचेवर टकटक झाली. धुरूंनी काच खाली केली. बाहेर कुमुद उभी होती, डोक्यापासून पायापर्यंत ओली. ती म्हणाली, 'मिस्टर धुरू, आज तुम्ही इथेच थांबा, आत मी जाते. आणि वाजले किती तेवढं सांगा. माझ्याकडे घड्याळ नाही.'"

तुझी
सुरैय्या